जामदारखान्याच्या किल्ल्या

‘चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या’ ही म्हण आपण सारेच वापरतो. एखाद्या संस्थेचा कारभार नको त्या माणसाकडे गेला, की ती आपोआप ओठांवर येते. तिच्यात मूर्खपणाची थट्टा आहे आणि थट्टेच्या आडून एक निकालही देऊन टाकलेला आहे: जो एकदा चोर ठरला तो कायमचा चोर, आणि त्याच्या हाती किल्ली देणारा मूर्ख. म्हणी शहाण्या असतात हे खरेच. परंतु पुष्कळदा तो शहाणपणा घाबरलेल्या माणसाचा असतो. आमच्या करवीरनगरीचे भाग्य असे, की ही म्हण खोटी पाडण्याचा प्रयत्न येथे एकदा प्रत्यक्ष राज्यकारभारात झाला. आणि पुढे याच भूमीत जन्मलेल्या एका कलावंताने तोच प्रश्न पडद्यावर मांडून जगाचे लक्ष वेधून घेतले. पहिला प्रयत्न राजर्षी शाहू छत्रपतींचा, दुसरा व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटाचा. दोन्ही नावे आपण अभिमानाने घेतो. ती शेजारी शेजारी ठेवून मात्र सहसा पाहत नाही. तसे पाहिले म्हणजे चित्रपटाचे मोठेपण अधिकच पटते, पण त्याची एक उणीवही दिसू लागते. आणि त्या उणिवेचा संबंध आपल्या घरादाराशी येऊन पोहोचतो. म्हणून हा प्रपंच.

प्रथम चित्रपटाविषयी. शांतारामबापूंचा जन्म १९०१ सालचा, कोल्हापूरचा. ‘प्रभात’ची स्थापनाही १९२९ साली कोल्हापुरातच झाली, ती पुण्यास गेली १९३३ साली. ‘दो आँखें बारह हाथ’ हा त्यांचा चित्रपट १९५७ सालचा, ‘राजकमल’चा. त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले आणि १९५८ साली बर्लिनच्या महोत्सवातही गौरव झाला. हिंदी चित्रपट म्हणून तो गाजला. परंतु त्याचे मूळ अस्सल मराठी माणदेशातले आहे, हे नव्या पिढीच्या रसिकांना ठाऊक असतेच असे नाही. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३९ साली आटपाडीजवळ ‘स्वतंत्रपूर’ नावाची कैद्यांची खुली वसाहत वसविली. कल्पना मॉरिस फ्रिडमन ऊर्फ भारतानंद या पोलिश अभियंत्याची. शिक्षा झालेल्या माणसांनी भिंतीवाचून राहावे, शेती करावी, आपली बायकामुले जवळ ठेवावीत, अशी ती योजना. चित्रपटाचे लेखक ग. दि. माडगूळकर त्याच मुलखातले, शेटफळ्याचे. म्हणजे कथेचे बीज त्यांना दूर शोधावयास जावे लागले नाही. ते गावाच्या शिवेपलीकडे उगवलेले होते. स्वतंत्रपूरची ती वसाहत सांगली जिल्ह्यात आजही आहे.

कथा बहुतेकांना आठवत असेल. आदिनाथ नावाचा तुरुंगाधिकारी खुनाच्या गुन्ह्यातील सहा कैद्यांना घेऊन एका ओसाड रानात जातो. तेथे ना तट, ना पहारा. सहा माणसांचे बारा हात आणि त्याचे स्वतःचे दोन डोळे, एवढेच भांडवल. ज्या हातांनी माणसे मारली त्याच हातांनी माती उकरली जाते, बी पेरले जाते, भाजी येते. हे दाखविताना शांतारामबापूंनी भाषणबाजी फारशी केलेली नाही. हात दिसतात, कुदळ दिसते, भेगाळलेली जमीन दिसते. प्रेक्षक काय समजावयाचे ते समजतो. संध्याबाईंची खेळणी विकणारी चंपा त्या रखरखीत रानात थोडी हिरवळ आणते. वसंत देसाईंचे संगीत तर आपल्या अंगणात पोहोचलेले आहे. आणि या साऱ्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे आदिनाथाची रीत. ‘आधी सुधारून दाखव, मग विश्वास टाकतो,’ असे तो म्हणत नाही. विश्वास आधी, सुधारणा मागाहून. आपल्या साऱ्या व्यवहाराचा क्रम याच्या उलट असतो. म्हणून ती रीत पाहताना आजही अंगावर काटा येतो.

मला सर्वांत खरा वाटतो तो बाजाराचा भाग. शेतातले पीक घेऊन ही माणसे बाजारात येतात, वाजवी भावाने विकू लागतात, आणि तेथे पूर्वीपासून ठाण मांडून बसलेल्या व्यापाऱ्याच्या पोटावर पाय येतो. पुढे जे अरिष्ट ओढवते त्याचे मूळ येथे आहे. कैद्यांच्या मनातल्या सैतानाशी झुंजण्यापेक्षा बाजाराशी झुंजणे कठीण, हे या चित्रपटाला कळलेले आहे. मन बदललेल्या माणसाला उभे राहावयास चार हात जागा लागते, आणि ती जागा कोणी आनंदाने सोडीत नाही. पन्नाशीच्या दशकातल्या इतर किती बोलपटांना एवढे कळले होते?

परंतु याच ठिकाणी माझी शंका सुरू होते. चित्रपट बाजाराच्या दारापर्यंत येतो आणि मग मागे वळून आकाशाकडे पाहू लागतो. तेथे आदिनाथाचे डोळे आहेत. कैद्यांना मोह झाला की ते डोळे दिसतात. पाऊल वाकडे पडू लागले की ते डोळे आठवतात. अखेर आदिनाथ त्या बैलाच्या झुंजीपायी प्राणाला मुकतो, आणि डोळे तेवढे उरतात. (या झुंजीच्या चित्रणात खुद्द शांतारामबापूंच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली होती; डोळ्यांवरच्या चित्रपटासाठी त्यांनी केवढी किंमत मोजली!) दृश्य म्हणून ही कल्पना प्रभावी आहे यात शंका नाही. प्रश्न एवढाच, की जो माणूस दुसऱ्याच्या डोळ्यांच्या धाकाने वा प्रेमानेही सरळ चालतो, तो मोकळा झाला असे म्हणावयाचे काय? भिंत गेली, बेडी गेली; पण पाळत राहिली. ती प्रेमळ आहे, पितृतुल्य आहे, हे सारे कबूल. तरीही ती पाळतच.

पाळत म्हणजे काय, हे आपल्या मुलखातल्या हजारो कुटुंबांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक होते. तिचे नाव ‘हजेरी’. इंग्रज सरकारने १८७१ साली कायदा करून काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले. १९११ च्या कायद्याने त्याचा व्याप देशभर वाढला. हजेरीत नाव असलेल्या माणसाने गावकामगारापुढे वा पोलिसापुढे जाऊन ‘मी येथे आहे’ असे सांगावयाचे, परवानगीवाचून गाव सोडावयाचे नाही. आता विचार करा: ज्याला रोज हजेरीला उभे राहावयाचे आहे त्याने दुसऱ्या गावी सुगीला कसे जावे? लग्नकार्याचे सोडा, बाजारचा दिवस कसा साधावा? हजेरीने चोरी थांबली असेल वा नसेल. रोजगार मात्र नक्की थांबला. आणि रोजगार थांबला की हजेरी घेणाऱ्याला आपले म्हणणे खरे ठरल्याचे समाधान मिळे. पाळत ठेवावयाची, पाळतीमुळे काम मिळू द्यावयाचे नाही, आणि काम नाही म्हणून चोरी केली की पाळत किती आवश्यक होती हे सांगावयाचे, असे हे चक्र.

शाहू छत्रपतींनी हे चक्र दोन ठिकाणी तोडले. १९१८ साली त्यांनी आपल्या संस्थानात महार, मांग, रामोशी, बेरड या जातींवरील हजेरी बंद केली. आणि फासेपारध्यांसारख्या, ज्यांची सावली दिसली तरी गाव दारे लावून घेई अशा माणसांना, त्यांनी आपल्या पदरी कामे दिली. बांधकामावर लावले, राहावयास जागा दिली, आणि ज्यांच्यापासून पहारा ठेवावयाचा त्यांनाच पहाऱ्यावर ठेवले. जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात त्या याच! यात भाबडेपणा असेल असे मला वाटत नाही. महाराज शिकारी होते. रानाची भाषा जाणणारा, रात्रभर जागू शकणारा, पाऊलवाट ओळखणारा माणूस त्यांना कळत होता. त्यांनी पारध्याचा गुन्हा पाहण्याआधी त्याचे कसब पाहिले, आणि त्या कसबाला पगार दिला. रामोशाला गावाची राखण देण्याची जुनी चाल दख्खनेत होतीच. महाराजांनी त्या चालीतला शहाणपणा उचलला आणि तिच्याभोवतीचा संशय काढून टाकला.

कोणी म्हणेल, की हीदेखील एका थोर माणसाची कृपाच झाली. आदिनाथात आणि महाराजांत फरक तो काय? आक्षेप योग्य आहे. राजाची मर्जी राजाबरोबर जाते, आणि महाराज १९२२ साली गेले. तरीही एक फरक उरतो, आणि तो माझ्या मते निर्णायक आहे. आदिनाथ आपले डोळे देतो. महाराजांनी डोळे काढून घेतले. हजेरी बंद करणारा हुकूम हा राजाच्या प्रेमळ नजरेवर अवलंबून नव्हता. तो कागदावरचा नियम होता, राजा झोपला असला तरी चालणारा. आणि पगार हा काही उपकार नव्हे; केलेल्या कामाचा तो मोबदला, घरी नेऊन चूल पेटविता येते असा. माणसाला सुधारण्याची संधी देणे आणि माणसाला काम देणे या दोन गोष्टी आपण एकच समजतो. पहिलीत देणारा उंचावर उभा असतो. दुसरीत दोघे व्यवहाराच्या एका पातळीवर येतात.

येथे एक भेद मात्र स्पष्ट केला पाहिजे. आदिनाथाच्या सहा जणांनी खून केले होते. पारध्याच्या पोराने जन्म घेण्यापलीकडे काही केले नव्हते. पहिल्यांचा अपराध त्यांचा स्वतःचा, दुसऱ्याचा कायद्याने त्याच्या कपाळी लिहिलेला. दोघांना एका मापाने मोजणे हा अन्याय होईल. पण नोकरी देणाऱ्याच्या दारात काय घडते? तेथे हा भेद कोणी करीत नाही. नाव वहीत आहे, एवढे पुरे होते. न केलेल्या गुन्ह्याचा संशय आणि भोगून संपलेली शिक्षा, दोहोंना एकच उत्तर मिळते: ‘जागा भरली.’

चित्रपटाची खरी उणीव ती ही. त्याचे सहा जण कोणा परक्याच्या दारात काम मागावयास उभे राहतच नाहीत. त्यांची शेती आदिनाथाची, त्यांचे जग आदिनाथाचे. रानातून निघून, नाव बदलल्यावाचून, इचलकरंजीच्या एखाद्या मागावर वा कोल्हापूरच्या एखाद्या फौंड्रीत त्यांपैकी एक जण गेला असता, तर त्याला कोणी काय विचारले असते? ती पुढली कथा पडद्यावर आली नाही. ती मराठी साहित्यात आली, आणि ज्यांनी भोगली त्यांच्याच लेखणीतून आली. लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ १९८७ साली प्रसिद्ध झाले आणि पुढल्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो जुना कायदा रद्द झाला होता. तरी सराईत गुन्हेगारांसाठी राज्याराज्यांतून नवे कायदे आले, मुंबई राज्याचा १९५९ साली. वही बदलली, अक्षर तेच राहिले. ‘उचल्या’मध्ये आकाशातले प्रेमळ डोळे नाहीत, पोलिसांचे आहेत, शेजाऱ्यांचे आहेत. म्हणून तेथे लेखकाने लातूरच्या सूतगिरणीत केलेली नोकरी ही मला त्या पुस्तकातली साधी घटना वाटत नाही. जातीच्या नावावर नव्हे, तर पाळीच्या हजेरीवर नाव लागणे! हजेरी हाच शब्द, पण केवढा वेगळा अर्थ.

आजचे काय? आज वहीच्या जागी चारित्र्य पडताळणीचा दाखला आहे. सरकारी नोकरीचा अर्ज घ्या, खाजगी पहारेकऱ्याचा घ्या. ‘आपणांवर कधी गुन्हा दाखल झाला आहे काय?’ हा रकाना असतोच. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली या बाबतीत काही सूत्रे घालून दिली. उमेदवाराने माहिती खरी द्यावी. परंतु नेमणूक करणाऱ्यानेही गुन्ह्याचे स्वरूप, त्या वेळचे वय, पदाची जबाबदारी ही सारी तोलून निर्णय घ्यावा. २०२२ साली त्याच न्यायालयाने सांगितले, की माहिती लपविली एवढ्यावरून एका फटकाऱ्यात कोणाला मनमानीने काढून टाकता येणार नाही. त्याही आधी, म्हणजे आपला चित्रपट आला त्याच्या पुढल्याच वर्षी, १९५८ साली, परिवीक्षेचा कायदा झाला. चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलेल्या माणसाला त्या दोषसिद्धीमुळे कोणतीही अपात्रता लागू नये, असे त्यात लिहून ठेवले आहे. अल्पवयीनांच्या बाबतीत, गंभीर गुन्ह्यांचे काही अपवाद वगळता, २०१५ चा कायदा हेच सांगतो. इंग्लंडात तर १९७४ पासून असा कायदा आहे, की ठरावीक वर्षे सरळपणाने गेली म्हणजे पुष्कळशा जुन्या शिक्षा सरल्या असे मानावयाचे. म्हणजे नियमांचा अगदीच दुष्काळ आहे असे नाही. दुष्काळ आहे तो दारात उभ्या असलेल्या माणसाकडे नीट पाहण्याचा.

एक उदाहरण सांगतो. माझ्या परिचयाच्या एका इमारतीत रात्रीच्या पहारेकऱ्याची जागा भरावयाची होती. दोन माणसे आली. पहिल्याने विचारण्याआधीच सांगितले, की विशीत असताना मारामारीच्या खटल्यात आपण दीड वर्ष आत होतो. त्याला आता वीस वर्षे झाली. दुसऱ्याने काहीच सांगितले नाही आणि त्याला कोणी काही विचारलेही नाही. तोवर पहिला सर्वांना पसंत होता. मग एक वयस्क गृहस्थ म्हणाले, “तसं आमचं काही नाही हो, पण घरात लेकीबाळी असतात.” जागा दुसऱ्याला मिळाली. त्या गृहस्थांना दुष्ट म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. लेकीबाळींची काळजी खोटी नसते. पण त्या संध्याकाळी शिक्षा झाली ती कशाची? मारामारीची शिक्षा तर केव्हाच भोगून झाली होती. ही शिक्षा खरे बोलल्याची होती. आणि पुढल्या वेळी तो माणूस खरे बोलला नाही, तर आपण पुन्हा म्हणावयास मोकळे, की पाहा, असल्यांचा काही भरवसा नाही!

दिवाळीचे दिवस आहेत म्हणून आणखी एक गोष्ट आठवते. आमच्या कळंबा कारागृहातल्या बंदिजनांनी काही काळ अंबाबाईच्या प्रसादाचे लाडू वळले आहेत. कोल्हापूरकरांनी तो प्रसाद कपाळाला लावून खाल्ला. कोणाच्या घशात तो अडकला नाही. भिंतीच्या आत असलेल्या हातांचा लाडू आपल्याला चालतो. तेच हात शिक्षा संपवून भिंतीबाहेर आले आणि आपल्या दुकानात, कारखान्यात, स्वयंपाकघरात काम मागू लागले, तर मात्र आपण हात आखडता घेतो. देवीला जे चालते ते भक्ताला का चालू नये, हा प्रश्न कोणा नास्तिकाने विचारला असता तर त्याला पाखंडी म्हणता आले असते. मी तो श्रद्धेने विचारतो.

आंधळा विश्वास कोणी टाकावा असे माझे म्हणणे नाही. पैशाचा अपहार केलेल्याला तिजोरीवर बसवू नये. मुलांशी वाईट वागलेल्याला मुलांच्या शाळेत नेमू नये. पण मारामारीत सापडलेल्याने लेथ चालवू नये, भुरट्या चोरीत अडकलेल्याने बाग शिंपू नये, याला कोणता न्याय? कामाचा गुन्ह्याशी संबंध काय आणि मध्ये वर्षे किती गेली, हे दोन प्रश्न विचारले तरी पुष्कळ झाले. आणि ते मुलाखतीच्या अखेरीस विचारावेत. माणसाचे कसब आधी पाहावे. महाराजांनी पारध्याच्या बाबतीत याहून वेगळे काय केले?

‘दो आँखें बारह हाथ’ हा मोठा चित्रपट आहे, आणि दिवाळीच्या सुटीत मुलाबाळांसह तो अवश्य पाहावा. त्यातल्या डोळ्यांनी डोळे पाणावतील, पाणावू द्यावेत. परंतु चित्रपट संपल्यावर मुलांनी विचारले, की त्या सहा जणांचे पुढे काय झाले, तर उत्तर पडद्यावर शोधू नये. ते उत्तर शांतारामबापूंनी आपल्यावर सोपविले आहे, असे समजून चालावे. बारा हातांना दोन डोळ्यांची गरज असेल. त्याहून अधिक गरज आहे ती महिन्याच्या एक तारखेला पगाराच्या पत्रकावर सही करण्याची. आणि त्या म्हणीविषयी म्हणाल, तर जामदारखाना कधी कोणा एकट्या चोराने रिकामा केल्याचे फारसे ऐकिवात नाही. तो रिकामा झाला तो बहुधा ज्यांच्या चारित्र्याचा दाखला स्वच्छ होता त्यांच्याच हातून. तेव्हा किल्ली कोणाच्या हाती द्यावी हे ठरविताना, हात काय करू शकतो ते आधी पाहावे. वही मागाहून उघडता येते.